पाण्याला हात लावायचा नाही

पस्तिसाव्या स्लाइडपासून विनिफ्रेड डॅलो एकच गोष्ट मनात घोळवत होती: एक्केचाळिसावी येऊ नये. वीज जावी, मशीनचा दिवा उडावा, म्युरिअलचा चहा गालिच्यावर सांडावा, काहीही चालेल. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसानं असल्या प्रार्थना करू नयेत हे तिला कळत होतं, तरी ती करत होती.

तिचा भाचा क्लेमेंट याच्या घरात, पुढच्या खोलीत, भर दुपारी पडदे ओढले होते आणि भिंतीवर त्याच्या बायकोची, म्युरिअलची, ठेवणीतली पांढरी चादर टाचण्या मारून ताणली होती. बाहेर हार्टलोडच्या गल्लीत राणीच्या रौप्य जुबिलीच्या पताका फडफडत होत्या. उद्या, मंगळवारी संध्याकाळी सातला, चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता: जुनं हार्टलोड, डॅलो घराण्याच्या पोस्टकार्डांतून. विनिफ्रेडच्या वडिलांनी, जोसाया डॅलोंनी, आणि त्यांच्यामागं तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे क्लेमेंटच्या बापानं, हॅरल्डनं पन्नास वर्षं सायकलवर कॅमेरा बांधून अख्ख्या वूस्टरशरभर हिंडून काढलेली ती कार्डं. आज घरातल्या घरात रंगीत तालीम होती. मशीन चालवत होती क्लेमेंटची मुलगी हेस्टर, कारण शाळेत शिकवत असल्यामुळे तिला असली मशीनं चालवता येतात असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"हा पुन्हा तोच चंद्र!" लेनर्ड ओरडला. क्लेमेंटचा हा धाकटा भाऊ सहा वर्षांनी बर्मिंगहॅमहून घरी आला होता आणि आल्यापासून थट्टेशिवाय दुसरं काही बोलला नव्हता. "क्लेम, मोजलेस का? हा नववा. आजोबांच्या काळात वूस्टरशरमध्ये अमावास्या होतच नव्हती वाटतं."

"कागदाचा होता तो," विनिफ्रेड म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच येतोय याचं तिला नवल वाटलं. "मीच कापला होता. दुपारचा फोटो काळसर छापायचा, वर चंद्र चिकटवायचा. लोकांना चांदणं आवडायचं."

"फसवाफसवीच की आत्याबाई," म्युरिअल हसून म्हणाली.

"धंदा होता, म्युरिअल," क्लेमेंट म्हणाला. दुकान त्याच्याकडे होतं, त्यामुळे धंद्याला कुणी फसवाफसवी म्हटलं की त्याला लागायचं. "आणि आत्यासारखं ब्रशनं फोटो सुधारायचं, रीटचिंगचं काम सगळ्या काउंटीत कुणाला जमत नव्हतं. मेयरच्या बायकोची दुसरी हनुवटी हिनं एकटीनं उतरवली होती."

सगळे हसले. विनिफ्रेडनं कप बशीत ठेवला, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन ती बसून राहिली. लहानपणी चॅपलमध्ये ती अशीच बसायची.

गेल्या आठवड्यात तिनं हेस्टरला सांगून पाहिलं होतं. जुबिलीचा आनंदाचा कार्यक्रम आहे, त्यात तो बुडालेल्या पोरांचा फोटो कशाला? हेस्टर म्हणाली, "आत्याआजी, तो फोटो नाही तर हार्टलोडचा इतिहास कुठला?" आणि वर म्हणाली, की कार्डावरून नाही, तळघरातल्या पेटीत मूळ काच, निगेटिव्हची, सापडली, तिच्यावरूनच स्लाइड केलीय, काय सुरेख आलीय बघशीलच. 

मशीन खटकन वाजलं. चाळिसावी गेली आणि एक्केचाळिसावी आली.

 हे कार्ड हार्टलोडमध्ये कुणी पाहिलं नव्हतं असं नव्हतं. निम्म्या घरांत ते शेकोटीवरच्या फळीवर उभं असे. पण हाताच्या पंजाएवढं बघणं वेगळं आणि भिंतभर बघणं वेगळं. १९११चा जून, नव्या राजाच्या राज्याभिषेकाचा दिवस. धक्क्यापासून दहा हातांवर तारेला धरून या काठावरून त्या काठाला ओढत न्यायची नाव आणि नावेत रविवारच्या शाळेची सव्वीस पोरं, पांढऱ्या कपड्यांत, हातात छोटे झेंडे. सगळीच्या सगळी या बाजूच्या कठड्याला येऊन चिकटलेली, हसणारी. त्यांच्यामागं नावाडी अमॉस टॉली, दोन्ही हात तारेवर, तोंड सताड उघडं. खाली पांढऱ्या अक्षरांत 'शेवटची फेरी'. ही अक्षरं काचेवर उलटी कोरावी लागत. ती विनिफ्रेडनंच कोरली होती.

फोटो निघाला आणि नाव कलंडली. सात पोरं गेली.

"टॉली बघा कसा खदखदून हसतोय," लेनर्ड म्हणाला, पण हळू आवाजात. "सकाळीच बिअरचे दोन मग चढवून आला होता म्हणे."

"असं म्हणतात खरं," क्लेमेंट म्हणाला.

"हे खाली काय आहे?" हेस्टरनं विचारलं.

ती मशीनपासून उठली आणि चादरीजवळ गेली. तिची सावली पोरांवर पडली. तिनं चादरीच्या डाव्या कोपऱ्यात, धक्क्याच्या खांबाशेजारी, पाण्यावर बोट ठेवलं. विनिफ्रेडला ते बोट आपल्या कपाळावर टेकल्यासारखं वाटलं, कारण ते तिथंच टेकलं होतं.

"खांबाची सावली असेल," क्लेमेंट म्हणाला.

"सावली नाही, प्रतिबिंब आहे. आणि खांबाला हात असतात का, बाबा? ही टोपी, हा हात वर केलेला, बाकी अंग खांबाआड. कुणीतरी धक्क्यावर उभं राहून पोरांना बोलावतंय. इकडं या म्हणून." हेस्टरनं वर पाहिलं, धक्क्याच्या फळ्यांकडे. तिथं कुणी नव्हतं. नुसतं पांढरं आकाश होतं. "पाण्यात माणूस आहे आणि वर नाही."

 मग म्युरिअलनं, जी सहसा कुणाच्या अध्यातमध्यात नसे, सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "वरचं कुणीतरी पुसलंय."

चारही तोंडं विनिफ्रेडकडे वळली. त्या घरात त्या वर्षी ब्रश एकाच माणसाच्या हातात होता.

"मला आठवत नाही," विनिफ्रेड म्हणाली.

तिला सगळं आठवत होतं. वडील नदीतून दोन पोरं बाहेर काढून मग घरी आले होते, विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, आणि बूटसुद्धा न काढता अंधाऱ्या खोलीत शिरून त्यांनी काच धुतली होती. मग ती तिच्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाले होते, "विनी, स्वतःला काढून टाक." सतरा वर्षांची होती ती. तिनं उजेड अडवणारा लाल रंग कालवला आणि आकाशासमोर उभी असलेली ती गडद निळ्या झग्यातली मुलगी डोक्यापासून बुटांपर्यंत झाकली. पाण्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण वडिलांनी शिकवलेला पहिला नियमच होता: चेहऱ्याला लाव, झाडाला लाव, आभाळाला लाव, पण पाण्याला हात लावायचा नाही, ब्रश लागलेलं पाणी छापल्यावर मेलेलं दिसतं. तिनं नियम पाळला. चूक लक्षात आली ती दोन दिवसांनी, तयार कार्ड हातात घेतल्यावर, आणि तोवर कार्डं सगळीकडे गेली होती. ती सहासष्ट वर्षं लोकांच्या घरी चहाला जायची आणि शेकोटीकडे पाठ करून बसायची.

आणि त्याच आठवड्यात चौकशी झाली. कॉरोनर साहेबांनी विचारलं, मिस डॅलो, आपण काठावर होतात, नाव कलंडण्यापूर्वी नावाडी काही बोलला का? ती म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

"आठवत नाही कसं, आत्या?" लेनर्ड पुढं झुकला. आता त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मी सांगतो कोण ते. आजोबांबरोबर त्या दिवशी दुसरं कोण असायचं? काचांची पेटी कोण उचलायचं? आपले बाबा."

"लेनर्ड, तोंड आवर," क्लेमेंट म्हणाला.

"चौदा वर्षांचे होते. असलीच गवती टोपी घालायचे, या पाण्यात दिसते तशी. तूच आठव क्लेम, आपल्याला कधी नदीवर नेलं का त्यांनी? घरापासून तीनशे पावलांवर नदी, आणि म्हातारा वळसा घालून पुलावरून जायचा, मान खाली घालून. मी विचारलं तर कानाखाली वाजवली होती माझ्या."

"ते आजारी होते."

"ते घाबरलेले होते! जन्मभर मला शिकवलं, खोटं बोलणाऱ्याची जागा डॅलोंच्या घरात नाही. एका खोट्यापायी मला घराबाहेर काढलं ना? आणि स्वतः काय? सात पोरं गेली, आणि दोष एका नावाड्यावर."

 अंधारात क्लेमेंटचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि विनिफ्रेडला कळलं की त्यालाही हे पटलंय. त्यालाही तो पुलावरचा वळसा आठवत होता. तिलाच तेवढं त्या वळशाचं खरं कारण माहीत होतं. हॅरल्ड त्या दिवशी वडिलांशेजारी काळ्या कापडात डोकं घालून उभा होता, आणि किंकाळी आल्याबरोबर सगळ्यांत आधी पाण्यात त्यानंच उडी मारली होती. वर काढलेली पहिली मुलगी त्याच्या हातात मेली. बहिणीनं काय केलं ते त्याला माहीत होतं आणि मरेपर्यंत त्यानं ते ओठांवर आणलं नाही. आता त्याचीच दोन पोरं त्याच्यावर हा दोष ठेवत होती आणि ती मांडीखाली हात घेऊन ऐकत बसली होती.

बोल, ती स्वतःला म्हणाली. जीभ हलली नाही. 

"मला एक सांगायचंय," हेस्टर हळूच म्हणाली. "चार वाजता एडा टॉली चहाला येतेय."

"काय?" क्लेमेंट उठून उभा राहिला.

"पोरांची नावं सांगायला, बाबा! फोटोतल्या. ती सहा वर्षांची होती तेव्हा, तिला सगळी ठाऊक आहेत. मला काय माहीत असं काही निघेल म्हणून?"

"अमॉस टॉलीच्या मुलीला तू माझ्या घरी बोलावलंस? हे बघायला?"

"तिनं बघायलाच हवं," लेनर्ड म्हणाला. "शाळेत तिला काय म्हणायचे ठाऊक आहे ना? बुडव्याची पोर. टॉलीच्या बाकावर चर्चमध्ये कुणी बसत नव्हतं. त्याची नाव काढून घेतली, मग मरेपर्यंत बारा वर्षं वेताच्या टोपल्या विणायचा, त्याही गावात कुणी घेत नव्हतं. दाखव तिला, हेस्टर."

"लेनर्ड बरोबर बोलतोय बाबा."

"तुझे आजोबा आहेत ते!" क्लेमेंटचा आवाज एकदम फाटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गळ्यात टाय, आणि तो चादरीसमोर उभा राहून रडायला लागला. "मला त्यांनी कॅमेरा धरायला शिकवलं. शेवटचे तीन महिने मी त्यांना उचलून न्हाऊ घालायचो. मला नका करायला लावू रे हे. उद्या सगळ्या गावासमोर मी त्या हॉलमध्ये उभा राहून काय म्हणू? हा माझा बाप?"

म्युरिअलनं पडदा उघडला. उजेड आला तसं भिंतीवरचं चित्र फिकं पडलं. लेनर्डनं भावाकडे पाहिलं आणि मग खिशातल्या काड्यापेटीकडे, उगाच. तो भांडायला आला होता. भाऊ रडेल याची तयारी त्यानं केली नव्हती.

"बस खाली, क्लेम," तो अखेर म्हणाला. "जाऊ दे. पोरगाच होता तो तेव्हा. चौदा म्हणजे काय वय."

"म्हणजे गाळायचं?" हेस्टरनं विचारलं.

"उद्या एक्केचाळीस नंबर गाळ," म्युरिअल म्हणाली. ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. "स्लाइड अडकली म्हण, काहीही म्हण. एडाला आज तू शाळेचे फोटो दाखव. बिचारीला तरी कशाला सत्तरी उलटल्यावर त्रास?"

"आणि काच? गुरुवारी काउंटीच्या दफ्तरखान्याची गाडी सगळ्या पेट्या न्यायला येणार आहे. तिथं ती कुणीही बघेल."

 मग क्लेमेंट खोलीबाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली ती काच होती, आणि वर तिचाच जुना ब्रश आणि लाल रंगाची डबी. तिच्यासमोर तो गुडघ्यांवर बसला. लहानपणी गोष्ट ऐकायला बसायचा तसा.

"आत्या, तुझा हात अजून चांगला आहे. पाण्यातलं तेवढं झाक. एवढंच. बाबांसाठी."

हेस्टर खिडकीबाहेर बघत होती. तिनं मान वळवली नाही, पण "ठीक आहे" असं म्हणाली. बापाला रडताना तिनं याआधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे झालं. विनिफ्रेडनं जे मागितलं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, न मागता आणि एकमतानं. फोटो दिसणार नव्हता, काच झाकली जाणार होती, आणि कधी काळी कुणी खोदून काढलंच तर दोष हॅरल्डच्या नावावर जाणार होता, जो चर्चमागं नऊ वर्षं निवांत पडला होता. तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला वाटली ती दुपारभर वाटत होती त्याहून मोठी भीती, आणि ती कशाची हे तिला नीट सांगता आलं नसतं.

"थोडं कोमट पाणी लागेल," ती म्हणाली. "आणि कापूस. उजेडाला बसते, स्वयंपाकघरात."

सगळ्यांनी तिला वाट करून दिली. म्युरिअलनं दार धरलं. इतक्या प्रेमानं त्या घरात तिच्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सँडविच झाकून ठेवली होती, शहाजिऱ्याचा केक होता, चांगले कप बाहेर काढले होते. विनिफ्रेड मोरीजवळच्या खिडकीशी बसली आणि तिनं काच उजेडात धरली. पांढरे कपडे काळे, काळं सगळं पारदर्शक. पोरांचे चेहरे काळे पडलेले. वर काळ्या आकाशात तिच्या लाल रंगाचा सुकलेला थर, आणि खाली पाण्यात ती छोटी, उलटी, हात वर केलेली. तिनं काच फिरवली तशी ती सुलटी झाली.

तिनं रंग कालवला. हात कापत नव्हता, याची तिला लाज वाटली. ब्रशचं टोक टोपीवर आणलं आणि तिथंच ठेवलं, वर हवेत. पुढच्या खोलीत आवाज सुरू झाले होते. लेनर्ड म्हणत होता, बाबा तसे भित्रेच होते, आणि क्लेमेंट त्याला होय म्हणत होता.

विनिफ्रेडनं ब्रश खाली ठेवला, कापूस पाण्यात बुडवला आणि पाण्याला नाही, आभाळाला लावला.

जुना रंग लगेच सुटला. तांबडा ओघळ मोरीत गेला, मग फिकट, मग नुसतं पाणी. तिनं काच पुन्हा उजेडात धरली. गडद आकाशात एका मुलीच्या आकाराची स्वच्छ जागा उघडली होती आणि तिच्यातून म्युरिअलचा घेवड्याचा वाफा हिरवागार दिसत होता.

मागचं दार वाजलं आणि उघडलं.

"पुढं पडदे काय ओढलेत, कुणी गेलं का?" एडा टॉली आत आली. बहात्तर वर्षांची, अंगात पुरुषी कोट, हात वेत चिरून चिरून खडबडीत झालेले. बापाचा टोपल्यांचा धंदा तिनंच पुढं चालवला होता. "म्हटलं मागनंच जावं. हेस्टरबाई कुठायत? मी चष्मा आणलाय."

"आत आहेत सगळे."  काच पालथी ठेवायला अजून वेळ होता. एडाचं लक्ष तिकडं गेलंही नव्हतं; ती पायपुसण्यावर बूट घासत होती. "एडा, जरा थांब. हे बघ."

एडानं चष्मा लावला आणि काच हातात घेतली, कडांनी, सांभाळून. बराच वेळ तिनं ती वरखाली केली. "मला नाही बाई यातलं कळत. सगळे हबशी दिसतायत. ही नाव ना? आपली नाव?" मग तिचं बोट थांबलं. "हितं धक्क्यावर भोक आहे. कार्डात हे नाही."

"ते भोक म्हणजे मी."

एडानं मान वर केली.

"मी धक्क्यावर उभी होते," विनिफ्रेड म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "वडिलांना फोटोत सगळ्यांची तोंडं हवी होती. पोरं नावेत इकडंतिकडं बसलेली होती. मी हात करून बोलावलं. या, सगळी या, या बाजूला या, हसा. ती उठून आली. म्हणून नाव कलंडली. मग मी मला पुसून टाकलं."

 एडानं काच टेबलावर ठेवली, सँडविचच्या ताटलीशेजारी, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आता ती मारेल असं विनिफ्रेडला वाटलं, आणि मारलं तर बरं असंही वाटलं. आत पुढच्या खोलीत कुणीतरी हसलं.

"सातांची नावं येतात तुम्हाला?" एडानं शेवटी विचारलं.

"रोज येतात."

"माझ्या फळीवर ते कार्ड आहे, मिस डॅलो. बापाचा तेवढाच एक फोटो आहे. तोंड उघडं आहे त्यात. सगळं गाव म्हणतं हसत होता, पोरं बुडायला निघाली आणि प्यायलेला टॉली हसत होता. चौकशीत तो म्हणाला, मी हसत नव्हतो, मी बोलत होतो. तर साहेब म्हणाले, काठावर मिस डॅलो उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, मी विचारलं, काय बोलत होतास? तर म्हणायचा, आता सांगून काय. मेला तरी सांगितलं नाही." तिचा आवाज चढला नाही. "ते बाकीचं राहू द्या. मला एवढंच सांगा. काय म्हणत होता तो?"

विनिफ्रेडनं मोरीच्या कडेला धरलं. "खाली बसा."

"कुणाला?"

"पोरांना. खाली बसा म्हणत होता."

"कितीदा?"

"तीनदा. पहिल्या हाकेलाच मी ऐकलं होतं. मला वाटलं, फोटो होईपर्यंत नाव तग धरेल."

एडाच्या चष्म्याआडून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. "असं पुटपुटला असेल का माझा बाप? तो या काठावरनं हाक मारायचा तर त्या काठाची बदकं उडायची. सहासष्ट वर्षं झाली मला त्याची ती हाक ऐकून. कसा म्हणाला ते सांग मला, विनी. जसा म्हणाला तसा."

विनिफ्रेडनं तोंड उघडलं आणि काही आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. छाती दुखली, मोरीची कड हातात रुतली, आणि मग तिच्या आतून असा आवाज निघाला की तो आपला आहे हे तिलाही ओळखता आलं नाही.

"खाली बसा!"

कपाटातल्या बशा खणखणल्या. पुढच्या खोलीतलं बोलणं तुटलं. पावलं धावत आली, दार उघडलं, आणि दारात क्लेमेंट, त्याच्यामागं लेनर्ड, म्युरिअल, हेस्टर. क्लेमेंटची नजर टेबलावरच्या काचेवर गेली, धुतलेल्या आभाळावर गेली, मोरीतल्या तांबड्या पाण्यावर गेली.

"आत्या? काय केलंस हे? कुणावर ओरडतेस तू?"

एडानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं एक हात वर करून त्याला गप्प केलं.

"मधे बोलू नकोस, क्लेमेंट. तीनदा ओरडला होता तो. अजून दोनदा राहिलंय."